जिन्यातला तिसरा

सिनेमात नायक चालतो तेव्हा तो चालत नाही. म्हणजे पाय त्याचेच असतात, पण आवाज दुसऱ्याच्या पायांचा असतो. गेली बावीस वर्षं हे दुसरे पाय कानोसाचे होते. नायक, खलनायक, नायकाची आई, खलनायकाचा घोडा, सगळे त्याच्याच पायांवर उभे होते. स्टुडिओच्या तळघरात एक खोली. खोलीत वाळूचा एक चौकोन, फरशीचा एक, लाकडाचा एक. आणि भिंतीला टांगलेले सत्तेचाळीस जोड चपला-बूट. समोर पडदा. पडद्यावर नटी टाचा वाजवत निघाली की इकडे हा टक्कल पडलेला, पोट सुटलेला गृहस्थ उंच टाचांत पाय कोंबून फरशीवर तुरुतुरु चालायचा. हाड मोडायचं असेल तर गाजर. डोकं फुटायचं असेल तर कोबी. कोणी कोणाला मिठी मारली की जुनं चामड्याचं जॅकेट चोळायचं. उरलेली गाजरं-कोबी घरी न्यायची मुभा होती, त्यामुळे मारामारीच्या सिनेमांचा हंगाम असला की घरात भाजीची ददात नसे. प्रेमकथा लागल्या की बायको कुरकुरायची.

कानोसा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ते वसतिगृहात पडलं आणि डिंकासारखं चिकटलं. तिथे ते तिघे होते: पोपट, दगड आणि कानोसा. पोपट सारखा बोलायचा, दगड कधीच बोलायचा नाही, आणि कानोसाला दोन्ही ऐकू यायचं. पुढे पोपट दिग्दर्शक झाला, म्हणजे बोलण्याचेच पैसे मिळू लागले. दगड लिफ्ट दुरुस्त करू लागला.

एका सकाळी पोपट तळघरात आला आणि वाळूच्या चौकोनात बूट घालून उभा राहिला. हे कानोसाला अजिबात खपत नसे, पण दिग्दर्शकाला वाळूतून हटवणार कोण?

"आपली गोष्ट केलीय," पोपट म्हणाला. "वसतिगृहाची. आपल्या तिघांची. दोन मित्र, एक राक्षस मोठे सर, आणि वीस वर्षांनी सूड."

कानोसाने मनातल्या मनात बोटं मोजली. "तिघांची म्हणालास."

"तिघांचीच रे. पण पडद्यावर तीन म्हणजे गर्दी होते. म्हणून तुला आणि मला एकत्र केलंय."

"एकत्र म्हणजे कसं?"

"म्हणजे तसा मीच आहे तो. तुझा चष्मा दिलाय त्याला."

"आणि दगड?"

"दगड नायक." पोपटाने हे अशा सुरात सांगितलं, की जणू दगड नायक नसता तर सूर्यच उगवला नसता. "अरे, एवढा मार खाऊन हूं की चूं केलं नाही पोराने. असा माणूस मिळतो कुठे?"

मिळतो की, कानोसाच्या मनात आलं, लिफ्टच्या खड्ड्यात मिळतो. त्याच्या पोटात दुखायला लागलं होतं, आणि हे दुखणं ओव्याने जाणारं नव्हतं.

दगडाला 'सल्लागार' म्हणून घेतलं होतं. चित्रीकरणाच्या जागी त्याला कापडाची खुर्ची होती, खुर्चीच्या पाठीवर नाव होतं. पिळदार दंडांचा नट त्याला विचारायचा, "दादा, तेव्हा तुम्ही ओठ आवळले होते की दात?" दगड म्हणायचा, "आठवत नाही." आणि सगळे एकमेकांकडे बघायचे, की बघा, काय माणूस आहे. कानोसाला सगळं लख्ख आठवत होतं, पण त्याला विचारणारं तळघरात कोणी नव्हतं. सत्तेचाळीस जोड बूट होते, तेही बिनपायांचे.

आता मोठ्या सरांविषयी. ते वसतिगृहाचे अधीक्षक. शनिवारी दुपारी जेवणं झाली की ते एकदोन मुलांना गाद्यांच्या खोलीत न्यायचे आणि ओल्या दोराने मारायचे. कारण असायचं, चादरीची घडी वाकडी होती वगैरे. नसलं तर नसायचं. गाद्यांचीच खोली का, तर कापूस आवाज पितो. बहुतेक शनिवार पोपट आणि दगडाच्या वाट्याला यायचे. कानोसाच्या वाट्याला एकही आला नाही. त्याचे कान तिखट म्हणून सरांनी त्याला दाराबाहेर उभं केलं होतं. आचारी, धोबी, संस्थेचे कोणी विश्वस्त, कोणाचंही पाऊल व्हरांड्यात वाजलं की त्याने खोकायचं. तो खोकायचा. त्याचा खोकला कधी चुकला नाही, आणि सर कधी सापडले नाहीत.

नंतर न्हाणीघरात पोपट आणि दगड पाठीला पाठ लावून उभे राहायचे आणि मान वळवून एकमेकांचे वळ मोजायचे. हा दोघांचाच खेळ होता. कानोसा साबण धरून उभा असायचा. एका शनिवारी त्याने गोदामामागच्या खरबरीत भिंतीला पाठ घासली, चांगली रक्त येईपर्यंत, आणि न्हाणीघरात सदरा काढून उभा राहिला. दगडाने एकदा बघितलं.

"हे भिंतीचं आहे," तो म्हणाला, आणि पुन्हा पोपटाची पाठ मोजायला लागला.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कानोसाने हे बायकोला सांगितलं. बायको शाळेत गणित शिकवायची. "तू नऊ वर्षांचा होतास," ती म्हणाली. "आणि मार बसला नाही म्हणून जळणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय." तिचं गणित बरोबर होतं. पण कानोसाला माफी नको होती. त्याला वाटा हवा होता.

तर, पहिला तंटा झाला तो मारावरून. गाद्यांच्या खोलीचा प्रसंग पडद्यावर लागला, आणि कानोसाने ओला दोर घेऊन जुन्या गादीवर असा काही आवाज काढला की आवाज टिपणाऱ्या यंत्रावरचा माणूससुद्धा शहारला. बावीस वर्षांत त्याने इतकं मन लावून काम केलं नव्हतं. आता तरी पोपट म्हणेल, वा.

"हे नाही," पोपट म्हणाला.

"असाच होता."

"हे बाहेरचं आहे."

"बाहेरचं म्हणजे?"

"दाराबाहेरचं. तू दबलेलं वाजवतोयस. आत असं नसतं वाजत." पोपटाने त्याच्या हातातून दोर घेतला. "आत आधी हवा फाटते. मग तू श्वास ओढतोस, त्यात बाकीचं धड ऐकूही येत नाही." त्याने गादीवर तीन वेळा दोर मारला. "हे घे. हे आतलं."

यंत्रावरच्या माणसाने ते टिपून घेतलं. कानोसा ओल्या झालेल्या गादीकडे बघत राहिला. एकतीस वर्षं त्याला वाटत होतं, हा एक आवाज तरी माझा आहे. तोही दाराच्या पलीकडचाच निघाला.

बाकी सिनेमाला खास कानांची गरज नव्हती. नायक काचेतून उडी मारायचा, मग पुढच्या काचेतून मारायचा. मोठ्या सरांना पडद्यावर चौदा गुंड दिले होते. खऱ्या सरांकडे एक आचारी होता, तोही अर्ध्या दिवसाचा. पोपट मागे उभा राहून ओरडायचा, "दणका दे, दणका. जबडा फुटतोय माणसाचा, कोबीचा अपमान करू नकोस." पाच दिवसांत अकरा कोबी गेले. बायको खूश होती.

सहाव्या दिवशी शेवटचा प्रसंग आला. दोघं मित्र मोठे होऊन म्हाताऱ्या सरांच्या घरी जातात. सर वरच्या मजल्यावर एकटे. दोघं जिना चढतात, आत जातात, बोलणं होतं, सर मागे मागे सरकतात आणि जिन्यावरून खाली कोसळतात.

खरे मोठे सरही जिन्यावरूनच पडून गेले होते, अकरा वर्षांपूर्वी. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या होत्या. संस्थेने शोकसभा घेतली होती. कानोसा तिला गेला होता. पोपट आणि दगडाला त्या दिवशी काम होतं.

कानोसाने दोन कोबी तयार ठेवले. पण पोपट ओरडला नाही. तो स्टूल ओढून अगदी जवळ बसला आणि हलक्या आवाजात बोलू लागला.

"कोबी नको. काठी आधी पडते. आधी लाकडावर, मग कठड्याच्या लोखंडाला. एकदाच. मग तो."

"बरं."

"त्याच्या पायात सपाता आहेत. एक वरच राहते. म्हणजे खाली एकाच सपातीचा आवाज."

"बरं."

"आणि सगळा वेळ खाली शिलाई मशीन चालू आहे."

कानोसाने कागद बघितला. "मशीन कुठेच लिहिलेलं नाही."

"खालच्या बिऱ्हाडात. तो पडतो, मशीन थांबतं. आपण श्वास धरून... म्हणजे ते दोघं श्वास धरून उभे. कोणी येतंय का. कोणी येत नाही. मग मशीन परत चालू होतं."

पोपट बोलत राहिला. कानोसाने ऐकणं थांबवलं, जे त्याच्या बाबतीत सहसा घडत नसे. सिनेमावाल्यांची कल्पनाशक्ती त्याने बावीस वर्षं वाजवून दिली होती. तिचा आवाज काच फुटल्यासारखा असतो. शिलाई मशीन थांबून परत चालू होणं कल्पनेला सुचत नाही. ते ऐकावं लागतं. आणि ऐकायला तिथे असावं लागतं.

अशा वेळी सज्जन माणसाला घाम फुटतो, पोलीस आठवतात. कानोसाला त्यातलं काही झालं नाही. त्याला एवढंच वाटलं, की हे दोघं गेले, आणि मला नेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दगडाला शोधत बारा मजली कचेरीत गेला. लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली होती, आणि तिच्या टपावर बसलेल्या दगडाचे फक्त पाय दिसत होते.

"तुम्ही गेला होतात," कानोसा त्या पायांना म्हणाला.

"कुठे?"

"मोठ्या सरांकडे."

पाय हलायचे थांबले. "बारा नंबरचा पाना दे. तो नाही, त्याच्या शेजारचा." पाना वर गेला. "पोपटाला तोंड मिटायला देवाने बटण द्यायला हवं होतं."

"त्याने नाही सांगितलं. मशीनने सांगितलं."

"हां. बाई मन लावून शिवत होती."

"मारलंत तुम्ही त्याला?"

"नाही." वर काहीतरी घट्ट आवळल्याचा आवाज आला. "मारायला नव्हतो गेलो. आमची नावं विचारायला गेलो होतो. म्हटलं, सांग आम्ही कोण. त्याला आठवेनात. घाबरला, मागे मागे जायला लागला. मागे जिना होता."

"धरलं नाहीत?"

"हात पोचला असता," दगड म्हणाला.

खाली लोक जिन्याने चढत होते, लिफ्टवाल्याच्या खानदानाचा उद्धार करत होते. कानोसा ते ओसरेपर्यंत थांबला.

"मला का नाही नेलं?"

"कशाला?"

"कशाला म्हणजे? तिघं होतो ना आपण?"

दगड वाकला. आता त्याचा चेहरा दिसला, ग्रीसने माखलेला. त्यात राग नव्हता. दोर झिजलाय हे इमारतीच्या मालकाला सांगावं तसं त्याने सांगितलं, "तुला नेलं असतं तर तू खोकला असतास."

"मी नऊ वर्षांचा होतो, दगड."

"आम्हीपण नऊचेच होतो."

कानोसाने पाने आकारानुसार लावायला घेतले. ते आधीच लावलेले होते.

"तुला ऐकायचंय का सगळं?" दगड म्हणाला. त्याने आयुष्यात पहिल्यांदा आपणहून काही सांगायची तयारी दाखवली होती. "आमची नावं त्याला आठवली नाहीत. तुझं आठवलं. नुसतं कानोसा नाही, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. म्हणाला, तो बाहेर उभा राहायचा तो कुठे असतो? गुणी पोरगा होता. तोवर माझा हात पुढे जात होता, बहुतेक. मग नाही गेला."

"राग आला त्याचा."

"त्याचा नाही," दगड म्हणाला. "तुझा."

आणि तो पुन्हा टपावर सरकला. कानोसा पाच मजले नाही, चारच उतरून रस्त्यावर आला, पण त्याला दहा उतरल्यासारखं वाटलं. पाठीवर चाळीस वळ असलेला माणूस आपला हेवा करतो, हे त्याला अर्ध्या रस्त्यात कळलं. उरलेल्या अर्ध्या रस्त्यात त्याने ठरवलं, की तरीसुद्धा जिना चढायचाच.

जिन्याचा आवाज भरताना त्याने आधी दगडाचे पाय भरले: जड, सावकाश, टाच आधी. मग पोपटाचे: हलके, मधेच अडखळणारे. मग त्याने यंत्रावरच्या माणसाला चहा प्यायला पाठवलं, सत्तेचाळीस जोडांतला एकही घेतला नाही, आणि घरून घालून आलेल्या स्वतःच्या बुटांनी तो तिसऱ्यांदा तोच जिना चढला. वर पोचला, दारातून आत गेला, म्हाताऱ्याच्या समोर जाऊन उभा राहिला.

पोपटाने ते डोळे मिटून ऐकलं. एकदा, मग परत एकदा.

"तिसरा कोण?"

"तुला काय वाटतं?"

"पडद्यावर दोघंच आहेत, कानोसा."

"शिलाई मशीन तरी कुठे दिसतंय पडद्यावर?"

पोपटाने डोळे उघडले. मग उठून त्याने खोलीचं दार लावलं, जे जाड होतं आणि आधीच लावलेलं होतं. "दगडाने सांगितलं?"

"अर्धं त्याने. अर्धं तू."

"हे बघ." पोपट पहिल्यांदाच शब्द शोधत होता. "उद्या कोणाला संशय आला, चौकशी निघाली, तर लोक मोजतील. दोन नाही, तीन म्हणतील."

"म्हणू देत."

"अरे, शिक्षा काय तिघांत वाटून कमी होते का? ज्याची त्याला अख्खी मिळते."

"मग माझी मला अख्खी मिळू दे."

पोपट त्याच्याकडे बघत राहिला. माणसं नायकाच्या भूमिकेसाठी त्याच्या पाया पडत, गाण्यासाठी पडत. आरोपी म्हणून घे, असं म्हणणारा त्याला पहिलाच भेटला होता.

"काढून टाकतो," पोपट म्हणाला.

"मग मशीनही काढ. दोर पण काढ. आणि पाय दुसऱ्याकडून करून घे."

"जिन्यात ठेवतो. वर आल्यावर थांबवतो."

"आत."

"तू नव्हतास रे आत."

"तू म्हणालास आपल्या तिघांची गोष्ट."

"व्हरांड्यापर्यंत."

"आत."

बाजारात जुन्या पातेल्यावर व्हावी तशी घासाघीस झाली. शेवटी सौदा दारापाशी ठरला: दोघं आत जातील, तिसरा उंबरठ्यावर थांबेल. कानोसा पुन्हा जिना चढला, उंबरठ्यावर थांबला, आणि आत तीन मिनिटं प्रसंग चालू असताना तसाच निश्चल उभा राहिला. नुसतं उभं राहण्याचाही आवाज असतो. कापड ताणतं, बुटाचं चामडं किंचित करकरतं. "झकास," पोपट म्हणाला. "कोणीतरी आहे असं वाटतं." ही कानोसाला मिळालेली पहिली शाबासकी. तीही दाराबाहेर उभं राहिल्याची.

सिनेमा पूर्ण झाल्यावर एका सकाळी छोट्या प्रेक्षागृहात सगळ्यांना दाखवला गेला. पहिल्या रांगेत पोपट, मग एक रिकामी खुर्ची, मग दगड. रिकाम्या खुर्चीत दगडाची हत्यारांची पिशवी. पिळदार नट मागच्या रांगेतून वाकून दगडाला दादा, दादा करत होता. कानोसा सर्वांत मागे भिंतीला टेकून बसला. दगडाच्या नावाची पाटी पडद्यावर एकटी आली आणि बराच वेळ राहिली. कानोसाची चहावाल्याच्या आधी आली आणि शिंक येईपर्यंत गेली.

जिन्याचा प्रसंग आला. पावलं वाजू लागली. दगडाची मान हलली. मग ती पूर्ण मागे वळली, आणि अंधारात त्याने कानोसाला शोधून काढलं. पडद्यावर म्हातारा पडला, मशीन थांबलं, मशीन चालू झालं. दगडाने शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

कानोसा रांगा ओलांडत पुढे गेला आणि दोघांच्या मध्ये बसला. खुर्ची पिशवीने गार पडली होती. त्याच्या दोन्ही दंडांना दोघांचे दंड लागले.

"तिसरा तू," दगड कुजबुजला.

"हो."

"एक पायरी जास्त वाजवलीस. सोळा होत्या."

"सतरा," पलीकडून पोपट म्हणाला. "मी सतरा सांगितल्या त्याला."

"सोळा. मी पुढे होतो."

"तू पुढे होतास म्हणून पहिली धरली नाहीस. ती दगडी होती, बाकीच्या लाकडी."

"ती पायरी नव्हे, ओटा होता तो."

"ओट्याला कोणी चढतं का? पाय उचलला की पायरी."

दोघं कानोसाच्या छातीवरून वाकून भांडत होते, पडद्यावर त्यांचा सूड संपत आला होता, आणि त्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. दोघांचे चेहरे न्हाणीघरात असत तसे झाले होते. पोपटाने बोटं काढून मोजायला सुरुवात केली. दगडाने त्याचं एक बोट धरून दुमडलं. कानोसा मध्येच होता, पूर्ण मध्ये, याहून मध्ये माणूस बसू शकत नाही; आणि मोजण्यासारखं त्याच्याजवळ काही नव्हतं.

"सतरा," तो म्हणाला.

दोघं थांबले.

"सतराच होत्या," कानोसा म्हणाला. "मी मागे होतो, मी मोजल्या."

दगडाने पोपटाचं दुमडलेलं बोट सोडलं. मागच्या रांगेतला नट पुढे वाकला होता, आणि त्याने विचारलं, "कुठल्या जिन्याचं चाललंय, दादा?"

"आमच्या," कानोसा म्हणाला.